धावदोरा : राणीसावरगाव ते आओमोरी

दिवाळीचे फटाके शांत झाले आणि पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागला, की घराघरांतून पांघरुणांची शोधाशोध सुरू होते. शहरात आता बहुतेकांकडे दुकानातली मऊ, फुलाफुलांची ब्लँकेटे असतात. पण एखाद्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली आजीची गोधडी अजून निघते. ती अंगावर घेतली की वजन जाणवते, ऊब जाणवते आणि तिच्यावरचे ते हजारो टाके बोटांना लागतात. ते टाके कोणी घातले, किती दिवस घातले आणि ते घालायला तिला कोणी शिकवले, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी स्वतःला विचारलेला असतो.

हा प्रश्न मनात घेऊनच मी गेल्या उन्हाळ्यात परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावची वाट धरली.

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या आगगाडीने गंगाखेडला उतरावे. गोदावरीच्या काठचे हे गाव संत जनाबाईचे जन्मगाव म्हणून वारकऱ्यांना ठाऊक आहे. गोधडीचा विचार करीत निघालेल्या माणसाने येथे थोडे थांबणे योग्यच, कारण जनाबाईच्या कथांतली एक कथा गोधडीचीच आहे. मराठवाड्यात गोधडीला वाकळ म्हणतात. विठ्ठल एके रात्री जनीच्या घरी राहिला, काकड आरतीची वेळ झाल्यावर घाईघाईने उठला आणि आपला शेला व अंगावरचे दागिने तिच्याकडेच टाकून तिची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहिला, अशी ती कथा. सकाळी पुजाऱ्यांनी पाहिले तो देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ! चोरीचा आळ जनीवर आला आणि तिला सुळावर देण्यापर्यंत गोष्ट गेली. शेवट अर्थातच भक्ताच्या बाजूने होतो. परंतु मला त्या कथेतली मौज वेगळीच वाटते. देवाला पीतांबरापेक्षा वाकळ आवडली, हे सांगणाऱ्या लोकांनीच चोरीचा आळ मात्र वाकळ शिवणारीवर घातला. वाकळीला माया मिळाली, मान मिळाला नाही. पुढे जे सांगायचे आहे ते बरेचसे याच एका वाक्यात आले आहे.

गंगाखेड सोडून एस.टी. दक्षिणेकडे निघाली, की गोदाकाठची सपाट काळी रानं मागे पडतात आणि बालाघाटाच्या उंचसखल टेकड्या दिसू लागतात. उन्हाळ्यात रानं उघडी पडलेली, पऱ्हाट्या उपटून झालेल्या, बांधावरच्या बाभळी आणि लिंब तेवढे हिरवे. राणीसावरगाव हे या भागातले मोठे गाव. येथले रेणुकादेवीचे देऊळ पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. माहूरच्या रेणुकेइतका तिचा बोलबाला बाहेर नसेल, पण भोवतालच्या खेड्यांतल्या बायकांचे नवस, ओट्या आणि तक्रारी सगळ्या तिच्याच दारी येतात.

वाकळी शिवायचे दिवस म्हणजे हेच. सुगी सरलेली असते, पाऊस यायला अवकाश असतो आणि बाईच्या हाताला दुपारचा तास दोन तास रिकामा मिळतो. एका घराच्या ओसरीवर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आणि त्यांची सून असे शिवण चालले होते. मी चौकशी केली तेव्हा आजींनी आधी पाणी दिले आणि मग हसून म्हणाल्या, "वाकळ बघायला आलात? तेवढ्यासाठी गाडीभाडं खर्चिलंत?"

वाकळ शिवणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हे. सर्वांत खाली एक धडके लुगडे पसरायचे. त्यावर जुनी धोतरे, फाटक्या साड्यांचे तुकडे, पोरांचे विटलेले सदरे असे थर एकाशेजारी एक असे मांडायचे, की कोठे उंचवटा नको आणि कोठे पोकळ नको. वर पुन्हा एक लुगडे, शक्य तर काठापदराचे. मग मोठमोठे कच्चे टाके घालून सगळे थर जागच्या जागी धरून ठेवायचे. हे झाल्यावर खरे काम सुरू होते. कडेने धावदोरा घालीत यायचे, चारी बाजूंनी फिरत फिरत आत सरकायचे. दोन ओळींत बोटभर अंतर. ओळ संपली की आजी सुई बाजूला ठेवीत आणि तळहाताने शिवलेला भाग एकदा जोराने निपटून काढीत. "का?" म्हणून विचारले तर म्हणाल्या, "दोरा ताणला की कापड चुरमडतं. हात फिरवला की दोरा बसतो जागेवर."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला, मावशी?"

"कशाचं शिकवणं, बाई? माय शिवायची. तिच्या मांडीपाशी बसून बघायचो. बघून बघून हात वळतो."

"आणि या टाक्याला, या फिरत जाणाऱ्या ओळींना काही नाव आहे?"

"नाव काय ठेवायचं तेला? टाका तो टाका!"

या वेळी त्यांची कॉलेजात जाणारी नात मोबाइल हातात घेऊन पुढे आली. तिने पडद्यावर एक दृश्य लावून आजींच्या पुढे धरले. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने कोणीतरी धावदोरा घालीत होते आणि समोर पाचसहा गोऱ्या बायका मान खाली घालून तसेच करीत होत्या. "आजी, हे बघ. ही बी तुझ्यावाणीच शिवायली. जपानची शिवण हाय म्हणे. आणि ह्या समद्या पैसे देऊन शिकायल्यात."

आजींनी डोळे बारीक करून पाहिले. "येडे झालेत का काय? वाकळ शिवायला पैसे?" थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग सुईत दोरा ओवता ओवता हळूच म्हणाल्या, "किती देतेत?"

सारी ओसरी हसली. पण तो प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे लांब, जपानच्या उत्तर भागात जावे लागेल.

त्या जपानी शिवणीचे नाव साशिको. शब्दाचा अर्थ बारीक बारीक टोचे. हे काही राजवाड्यातले भरतकाम नव्हे. जपानच्या मुख्य बेटाचा ईशान्य भाग, ज्याला तोहोकू म्हणतात, तेथे थंडी इतकी की कापूस पिकत नाही. तेथला शेतकरी झाडाच्या सालीतून काढलेल्या, तागासारख्या जाडसर धाग्याचे कापड विणून घाली. त्या विरळ कापडातून वारा आरपार जाई. दक्षिणेकडून जहाजांनी जुने सुती कपडे आणि चिंध्या येत, त्या जपून विकत घ्यायच्या, थरावर थर ठेवायचे आणि धावदोऱ्याने जखडून टाकायचे. फाटले की पुन्हा ठिगळ, पुन्हा टाके. अशा ठिगळांच्या कपड्यांना ते 'बोरो' म्हणत, म्हणजे शब्दशः चिंध्या.

तेथल्या त्सुगारू संस्थानात तर १७२४ साली काटकसरीचा हुकूम निघाला आणि शेतकऱ्यांना सुती कपडे घालायची मनाई झाली. कपडा नको तर नको, पण सुती दोरा मिळत होता. बायकांनी त्या दोऱ्याने जाड्याभरड्या कापडाची वीण भरून काढायला सुरुवात केली. ताण्याचे धागे एक, तीन, पाच असे विषम मोजून टाका घालायचा. त्यातून चौकटीचौकटींची अशी नक्षी उठू लागली की पाहत राहावे. ही कोगिन. शेजारच्या नाम्बू भागातल्या बायका सम धागे मोजीत, म्हणून त्यांची नक्षी वेगळी. आणि या नक्षीच्या प्रत्येक लहान घटकाला तेथल्या बोलीत नाव होते. एकाचे नाव दाणा, एकाचे मांजरीचा डोळा, एकाचे फुलपाखरू. आजींच्या ओसरीवर मला जे मिळाले नाही ते तेथे होते: टाक्याला नाव.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १८९१ साली आगगाडी आओमोरीपर्यंत पोचली, गिरणीचे सुती कापड स्वस्तात मिळू लागले आणि कोगिन मागे पडली. दोनच वर्षांनी, १८९३ च्या नोव्हेंबरात, 'हिरोशिमा मारू' नावाची आगबोट कोबे बंदरातून मुंबईला निघाली. निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने ही नवी वाट काढली होती, आणि तिचा मुख्य माल होता हिंदुस्थानचा कापूस. पुढची कित्येक दशके जपानच्या गिरण्या आपल्या कापसावर मोठ्या प्रमाणात चालल्या. निजामाच्या मुलखातला कापूसही गोदावरी खोऱ्यातल्या रेल्वेने मनमाडकडे आणि मुंबईकडे जाई. म्हणजे ज्या काळ्या मातीतल्या बायका वाकळी शिवीत होत्या, तिच्याच कापसाच्या जातभाईने तिकडे जपानी बाईच्या हातची सुई थांबवली!

मग ती सुई पुन्हा चालू कशी झाली? कारण कोणीतरी तिची किंमत वेळीच ओळखली. यानागी सोएत्सु नावाच्या विचारवंताने १९२५ च्या सुमारास आपल्या मित्रांसह 'मिंगेई' हा नवा शब्द घडवला: लोकांची कला. गाडगी, टोपल्या, शेतकऱ्याचा अंगरखा, सगळ्यांत सौंदर्य आहे असे तो सांगत फिरला. १९३६ साली त्याने टोकियोत या वस्तूंचे संग्रहालय उभारले. कोगिनवर त्याने मुद्दाम लिहिले. हिरोसाकी शहरात कोगिन जपणारी संस्था आजही १९३२ साली बांधलेल्या एका इमारतीत काम करते.

वस्तू संग्रहालयात ठेवली की ती सुरक्षित राहते हे खरे, पण ती जिवंत राहते असे नाही. जिवंत राहण्यासाठी ती एका हातातून दुसऱ्या हातात जावी लागते. आणि अलीकडच्या काळात साशिकोचे हे हात जपानबाहेरचे आहेत. सुझन ब्रिस्को ही इंग्रज बाई १९९१ साली यामागाता प्रांतातल्या युझा गावी इंग्रजी शिकवायला गेली. तेथे तिने साशिको पाहिली, पुढे ती शिकली, तिच्यावर पुस्तके लिहिली आणि आपल्या देशात शिकवू लागली. आत्सुशी फुतात्सुया हे गिफू प्रांतातल्या साशिकोच्या घराण्यात वाढलेले गृहस्थ अमेरिकेत गेले आणि तेथल्या लोकांसाठी वर्ग घेऊ लागले. त्यांचे म्हणणे असे, की साशिको म्हणजे नक्षीचा छाप नव्हे. सुई चालवायची लय म्हणजे साशिको. म्हणून ते आधी नक्षी शिकवत नाहीत, आधी हात शिकवतात. तळहाताशी टेकणारी अंगुस्तानी घालायची, सुई जवळजवळ स्थिर धरायची आणि कापडच पुढे मागे हलवीत सुईवर टाके चढवायचे. ओळ संपली की बोटांनी शिवण निपटून दोरा जागेवर बसवायचा. या निपटण्याला जपानीत स्वतंत्र शब्द आहे: इतोकोकी.

वाचकहो, राणीसावरगावच्या ओसरीवर आजींनी तळहात फिरवला तो हाच. तेथे त्याला नाव आहे आणि अमेरिकेतल्या वर्गात तो पहिल्या धड्यांत येतो. येथे त्याला नाव नाही, म्हणून तो धडाही नाही.

आणखी एक उदाहरण सांगते, कारण त्याला केवळ हौसेची बाजू नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. इवाते प्रांतातल्या ओत्सुची या लहानशा गावात बाराशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. घरे गेली, मासेमारी गेली. आसऱ्याच्या छावण्यांत बसून राहिलेल्या बायकांपुढे दिवस कसा काढायचा हाच प्रश्न होता. तेव्हा त्यांच्या हाती सुई, दोरा आणि कापड देण्यात आले. सुईदोऱ्याला जागा थोडी लागते आणि आवाजही होत नाही. छावणीच्या एका कोपऱ्यातही हे काम चालते. त्यातून 'ओत्सुची साशिको' हा उद्योग उभा राहिला. ज्या टाक्याने पूर्वी थंडी अडवली त्याच टाक्याने दुःखाचे दिवस शिवून काढले.

हे ऐकताना मला आजींनी सांगितलेली एक गोष्ट आठवते. रझाकारांच्या धामधुमीत, १९४८ सालच्या मराठवाडा मुक्त होण्याआधीच्या महिन्यांत, त्यांच्या सासूबाई मुलाबाळांना घेऊन गाव सोडून निघाल्या तेव्हा डोक्यावर भांडी नव्हती, वाकळींचे गाठोडे होते. "भांडं मागून मिळतं, पांघरूण कोण देतंय?" असे त्या म्हणत. त्यातल्या एका वाकळीचा जीर्ण तुकडा पुढच्या वाकळीच्या पोटात गेला, त्या वाकळीचा त्याच्या पुढच्या. आज आजींच्या हाताखाली जी वाकळ आहे तिच्या आत कोठेतरी १९४८ साल आहे. परदेशातल्या साशिकोच्या वर्गात शिकवणारा अशाच गोष्टी सांगतो आणि शिकणारा त्या ऐकण्यासाठीही पैसे देतो. आमच्याकडे गोष्ट आहे, सांगणारी आहे, पण तिला वर्ग घ्यायला कोणी बोलावत नाही.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. किती देतात? आकडा महत्त्वाचा नाही, हिशेब महत्त्वाचा आहे. एक वाकळ शिवायला फावल्या वेळातले आठवडेच्या आठवडे जातात. ती विकायला काढली तर गिऱ्हाईक तिची तुलना बाजारातल्या ब्लँकेटाशी करते आणि भाव पाडून मागते. दिवसाच्या मजुरीचा हिशेब कधीच बसत नाही. शिवाय वस्तू एकदा विकली की संपली. पण दहा जणींना समोर बसवून टाका शिकवला, तर शिकवणारीचा हात रिकामा होत नाही, उलट तिला मान मिळतो. आणि जिने स्वतः चार ओळी शिवून पाठ मोडून घेतली आहे, ती पुन्हा कधी वाकळीचा भाव पाडून मागणार नाही. जपान्यांनी परदेशी लोकांना शिकवून जे साधले ते हे: त्यांनी विद्यार्थी तर मिळवलेच, शिवाय जाणकार गिऱ्हाईकही घडवले.

अडचणी आहेत, त्या झाकून चालणार नाही. पहिली अडचण कापडाची. वाकळीला मऊ झालेले सुती लुगडे लागते. नऊवारी इरकली लुगडी आता घरात कोठे उरली? अंगावर येतात त्या बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या. त्या घसरतात, घाम टिपत नाहीत, सुईखाली थर धरून राहत नाहीत. सूनबाईंनी हेच सांगितले: "टाके घालायला मी तयार हाय, पण आत घालू काय?" पूर्वी विरलेल्या लुगड्याला दंड घालून ते पुन्हा नेसत आणि अगदीच गेले की वाकळीत घालत. ती साखळीच तुटली आहे. साशिको शिकवणाऱ्यांनी नवे सुती कापड आणि मुद्दाम पिळलेला जाड दोरा वापरून ही अडचण ओलांडली. आपल्याकडेही हातमागाचे सुती कापड अजून मिळते. तेव्हा ही अडचण मोठी असली तरी अशक्य कोटीतली नाही.

दुसरी अडचण मनाची आहे. वाकळ म्हणजे गरिबी, वाकळ म्हणजे ठिगळ, हा समज शिवणाऱ्या बाईच्याच मनात पक्का आहे. पाहुणे आले की ती वाकळी आत टाकते आणि दुकानातली चादर पसरते. जपानी बायकांनाही एके काळी बोरोची लाजच वाटे. ती लाज कोणाच्या भाषणाने गेली नाही. बाहेरचे माणूस येऊन शिष्य म्हणून पुढे बसले तेव्हा ती सरली.

तिसरी गोष्ट सावधपणाची. यानागीच्या लेखांचे बर्नार्ड लीचने १९७२ साली इंग्रजीत जे पुस्तक केले त्याच्या नावातच 'अनाम कारागीर' आहे. कारागीर अनाम असतो म्हणूनच त्याच्या वस्तूत अहंकार नसतो, असा तो विचार. विचार सुंदर आहे, पण पोटाला उपयोगी नाही. अनाम हाताची नक्षी कोणीही उचलून आपल्या नावावर विकू शकतो. फुतात्सुयांसारखी माणसे परदेशातल्या वर्गांत हेच वारंवार सांगतात, की टाका जरूर घ्या, पण तो कोठून आला हे विसरू नका. वाकळ शहरातल्या दुकानात जाईल तेव्हा तिच्याबरोबर राणीसावरगावचे आणि शिवणारीचे नाव गेले पाहिजे. नाही तर जनीच्या कथेसारखेच व्हायचे. वाकळ देवाच्या अंगावर आणि शिवणारी मात्र दाराबाहेर.

साशिकोला शिष्य मिळाले ते समुद्रापार. वाकळीला इतके लांब जावे लागणार नाही. पुण्या-मुंबईच्या आपल्या सदनिकांत जन्मलेल्या मुलींनी धावदोरा पाहिलेला नाही. वाकळीच्या दृष्टीने तीच आता परदेशी माणसे, आणि खरे म्हणजे आपणही. तेव्हा आजींनी शिकवायचे तर आपल्यालाच. एखाद्या शाळेने, महिला मंडळाने, सुट्टीतल्या शिबिराने आठ दिवस अशा एका बाईला बोलावून पाटावर बसवावे, प्रवासखर्च आणि योग्य मानधन द्यावे, आणि "मावशी" म्हणताना मनात "गुरुजी" म्हणावे.

मी निघताना आजी पुन्हा एकदा नातीच्या मोबाइलमध्ये पाहत होत्या. बराच वेळ पाहून त्यांनी आपले मत दिले: "चांगलं शिवायलेत. पण ओळ जरा वाकडी जायली. बसवली असती मी दोन दिवस तर सरळ केली असती."

तेवढ्यात नातीने वहीचे पान उघडले आणि विचारले, "आजी, तू हात फिरवतीस ना टाका झाल्यावर, तेला काय म्हणायचं? मला लिहून ठेवायचंय."

आजी विचारात पडल्या. "निपटणं म्हण," त्या म्हणाल्या. "माझी माय तसंच म्हणायची."

पोरीने वहीत तारीख घातली आणि त्याखाली तो एकच शब्द लिहिला.